हजेरी, नग आणि रिजेक्शनमधून वेळ मिळाला तर ना! सुपरवायझरने लीडर व्हायचं कधी?

प्रश्न असा आहे. चाकणमधल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात नऊ वर्षं सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या कापकामाच्या मशीनवर) आधी ऑपरेटर, मग मशीन जुळवून देणारा सेटर म्हणून काम केल्यावर दोन महिन्यांपूर्वी एक जण २४ माणसांच्या मशीनिंग लाइनचे सुपरवायझर झाले. कंपनीने दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. तिथे ‘मॅनेजर होऊ नका, लीडर व्हा’ असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात अख्खी शिफ्ट हजेरी, नग, रिजेक्शन आणि ब्रेकडाउनमध्ये संपते. मग लीडर व्हायचं कधी? आणि काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला तेच आज ऐकत नाहीत, त्याचं काय करायचं?

‘मॅनेजर होऊ नका, लीडर व्हा’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण सुपरवायझरच्या कामासाठी ते चुकीचं आहे, आणि त्याच्या नादी लागून बरेच नवे सुपरवायझर पहिल्या सहा महिन्यांत भरकटतात. तुमच्या पातळीवर नेतृत्व उभं राहतं ते हजेरी आणि नगांच्या कामातूनच, आणि बिघडतंही तिथेच. त्यासाठी वेगळा वेळ काढण्याची गरज नाही. हजेरीचं आणि नगांचं काम कसं करता, एवढंच बघायचं.

मॅनेजर वेगळा आणि लीडर वेगळा ही फारकत मुळात फार जुनीही नाही. फ्रान्समधल्या एका खाण कंपनीचे प्रमुख आंरी फेयोल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची पाच कामं मांडली: आखणी, जुळवाजुळव, आज्ञा देणं, समन्वय आणि नियंत्रण. माणसांना कामाला लावणं त्यात धरलेलंच होतं. मॅनेजर आणि लीडर या दोन वेगळ्या घडणीच्या व्यक्ती असतात हा विचार गाजला तो १९७७ मध्ये, हार्वर्डच्या अब्राहम झालेझनिक यांच्या लेखामुळे, आणि त्यांच्या नजरेसमोर होती मोठ्या कंपन्यांच्या वरच्या मजल्यावरची माणसं. शॉप फ्लोअरला त्याहून जवळची शिकवण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तयार झाली. अनुभवी कामगार सैन्यात गेले, कारखान्यांत नवखी माणसं आली आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायची वेळ सुपरवायझरांवर आली. त्यांच्यासाठी १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम चालला. त्यात सुपरवायझरला लागणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या होत्या: कामाची माहिती, जबाबदारीची माहिती, शिकवण्याचं कसब, पद्धत सुधारण्याचं कसब आणि माणसांना बरोबर नेण्याचं कसब. पाचवी गोष्ट उरलेल्या चौघींच्या रांगेतच बसवली आहे, आणि तिलाही कसबच म्हटलं आहे. म्हणजे इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) बदलायला शिकलात तसंच हेही शिकता येतं. युद्धानंतर हा कार्यक्रम जपानमध्ये गेला, टोयोटाने तो उचलला, आणि तुमच्या लाइनवर आज ‘स्टँडर्ड वर्क’ म्हणून कामाच्या ठरलेल्या पद्धतीचा जो कागद लावलेला असतो त्याची काही मुळं तिथे आहेत.

आता तुमच्या लाइनवरचा तासागणिक नगांचा बोर्ड घेऊ, कारण व्यवस्थापन आणि नेतृत्व या दोन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत ते तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३०, दोन चहांची २० आणि सुरुवातीच्या तपासणीची व बोलण्याची १० मिनिटं वजा केली की ४२० उरतात. सायकल टाइम, म्हणजे एक नग व्हायला लागणारा वेळ, ७५ सेकंद असेल तर कागदावर ३३६ नग बसतात. टूल बदलणं, मोजमाप, बारीकसारीक थांबे धरून त्याचे ८५ टक्के घेतले तर २८५, म्हणजे तासाला साधारण ४०. ही आकडेमोड प्रत्येक मशीनसाठी तुम्हाला स्वतः करता आली पाहिजे. वरून आलेला आकडा जसाच्या तसा बोर्डावर उतरवलात तर ऑपरेटरसमोर तुमचं वजन तिथेच जातं. सायकल त्याच्या डोळ्यांसमोर रोज तीनशे वेळा फिरते. आकडा न बसणारा आहे हे त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं.

समजा आकडा बरोबर आहे आणि तिसऱ्या तासाला ४० ऐवजी २७ नग आले. तुम्ही बोर्डासमोर उभे राहून काय बोलता यावर पुढच्या महिन्याचे सगळे आकडे अवलंबून आहेत. चारचौघांत आवाज चढवलात तर उद्यापासून लाइन एक गोष्ट शिकते: चांगल्या तासात ४६ झाले तरी ४० लिहायचे, सहा नग हाताशी ठेवायचे आणि वाईट तासात भरून काढायचे. आठवड्याभरात बोर्ड सुंदर दिसू लागतो, सगळीकडे ४०, ४१, ३९. आत मात्र इन्सर्ट लवकर झिजतंय, कूलंटचा दाब कमी झालाय, नग पकडणाऱ्या फिक्स्चरचा लोकेटर (नग जागेवर बसवणारा टेकू) ढिला पडलाय, आणि यातलं काहीच तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. ते पोहोचतं थेट ग्राहकाच्या तक्रारीतून, नाहीतर मशीनचा फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे स्पिंडल, बसल्यावर. व्यवस्थापनाची सगळी हत्यारं आकड्यांवर चालतात, आणि आकडा खरा सांगायचा की नाही हे माणूस ठरवतो.

बोर्ड खोटा आहे हे ओळखायच्या खुणा आहेत. सलग तासांचे आकडे एकसारखे असणं ही पहिली. कारणांचा रकाना एकाच पेनाने, एकाच हातच्या घाईने शिफ्ट संपताना भरलेला असणं ही दुसरी. आणि कारण म्हणून नुसतं ‘मशीन प्रॉब्लेम’ लिहिलेलं असणं ही तिसरी. २७ दिसल्यावर पहिला प्रश्न ‘कुठे थांबलं?’ एवढाच असू द्या, आणि तो मशीनपाशी जाऊन विचारा. उत्तर असं लिहून घ्या: ‘तीन नंबर टूलचं इन्सर्ट १५० नगांऐवजी ११० नगांवर गेलं.’ एवढं नेमकं असेल तर टूल रूमला त्यावर काही करता येतं. त्यानंतरचा भाग बहुतेक जण विसरतात. ज्याने कारण लिहिलं त्याला २४ तासांच्या आत उत्तर गेलं पाहिजे: काम झालं, किंवा अमुक दिवशी होईल, किंवा होणार नाही आणि का होणार नाही. नकारसुद्धा चालतो, लोक समजून घेतात. उत्तरच आलं नाही तर मात्र तीन-चार वेळांत रकाना कोरा पडतो, आणि तो पुन्हा भरायला लावण्यात महिने जातात.

रिजेक्शनचंही तसंच. खराब नग चिप ट्रॉलीत, बुराद्याखाली सापडला तर टाकणाऱ्याला शोधण्याआधी मागचा महिना आठवा: ज्याने खराब नग स्वतःहून लाल पेटीत आणून ठेवला होता, त्याच्याशी त्या दिवशी काय बोलणं झालं होतं? लपवण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथे निघतं.

आता सुट्ट्या. प्रशिक्षणात यावर कुणी बोलत नाही, पण २४ माणसं तुमच्याबद्दलचं मत जेवढं इथे बनवतात तेवढं कशातच नाही. लाइन चालायला २० जण लागत असतील तर एका दिवशी जास्तीत जास्त चौघं बाहेर राहू शकतात. त्यातली एक जागा आजारपण आणि अडीअडचणीसाठी मोकळी ठेवली की आधी मंजूर करायच्या सुट्ट्या तीनच. हा आकडा लाइनवर सगळ्यांना दिसेल असा लावा. गौरी-गणपती, दिवाळी, गावची जत्रा, जूनमधली पेरणी, छठ, होळी या तारखा जानेवारीतच कॅलेंडरवर मांडा. कोकणातल्या माणसाला गणपतीत गावी जायचंच असतं, मराठवाड्यातल्या पोराच्या घरी पेरणीला हात कमी असतात, आणि बिहारकडच्या कामगाराला छठला घरी पोहोचायचं असतं. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, आणि जाण्यायेण्यातच त्याचे तीन-चार दिवस मोडतात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. म्हणून त्याच्या सुट्टीचं हो किंवा नाही किमान ७० दिवस आधी द्या. ‘बघू, जवळ आल्यावर सांगतो’ असं म्हटलंत तर त्याचं तिकीट हुकतं, मग तो न सांगता जातो, आणि तुम्ही गैरहजेरीचा मेमो काढता. चूक कॅलेंडरची, शिक्षा माणसाला.

वाटप कसं करायचं याचा नियम एकच ठेवा आणि तो आधी सांगा. मागच्या दिवाळीत जो कामावर होता त्याला या दिवाळीत पहिली पसंती, हा नियम साधा आहे आणि टिकतो. जवळच्या मित्रासाठी तो एकदा वाकवलात तर उरलेले २३ जण ते वर्षभर लक्षात ठेवतात. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. त्यांचा पगार कंत्राटदाराकडून येतो, पण तास तुमच्या रजिस्टरमध्ये चढतात. दर शनिवारी दोन मिनिटं काढून प्रत्येकाला त्याचे हजेरीचे आणि ओव्हरटाइमचे तास दाखवा, सही घ्या. ओव्हरटाइम दुप्पट दराचा असतो, त्यामुळे चार तास कमी लागले तर त्याच्या घरी आठ तासांचा पगार कमी जातो. हे काम कारकुनी वाटतं, पण घामाचे पैसे बुडू न देणाऱ्या माणसाचा शब्द लोक इतर वेळीही ऐकतात.

माणसं कुठल्या मशीनवर लावता, हा पुढचा विषय. कुणाला कुठलं मशीन किती येतं याचा तक्ता, म्हणजे स्किल मॅट्रिक्स, बहुतेक कंपन्यांत भिंतीवर असते आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी रंगवलेली असते. तुमची खरी करा. उभ्यात २४ नावं, आडव्यात मशीनं, आणि चार खुणा: नुसती ओळख, कुणी बरोबर असेल तर चालवतो, एकटा चालवतो, दुसऱ्याला शिकवतो. एकटं चालवणारे किमान तीन जण प्रत्येक मशीनला हवेत. ज्या मशीनला एकच आहे तिथे तुमचा धोका आहे, आणि त्या माणसाचाही तोटा आहे. अवघड जॉब तोच नीट काढतो म्हणून त्याला वर्षानुवर्षं त्याच मशीनला बांधून ठेवलं जातं, रजा त्यालाच नाकारली जाते, आणि कामात कच्चा असलेला माणूस सोप्या मशीनवर निवांत असतो. हुशारीची अशी शिक्षा झाली की चांगला माणूस गेट ओलांडून शेजारच्या कंपनीत जातो.

शिकवण्याची पद्धत त्याच युद्धकाळच्या कार्यक्रमातून घ्या, चार पायऱ्यांची आहे. आधी माणसाला मोकळं करा आणि त्याला किती येतं ते विचारा. मग काम करून दाखवा: एकदा पायऱ्या सांगत, दुसऱ्यांदा त्यातले कळीचे मुद्दे सांगत, तिसऱ्यांदा ते कळीचे का, हे सांगत. मग त्याला करायला लावा आणि करता करता त्याच्या तोंडून तेच वदवून घ्या. शेवटी त्याला एकट्याला सोडा, पण अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगून. पहिल्या दिवशी तासातासाने फेरी मारा, नंतर कमी करा. बहुतेक ठिकाणी ‘का’ गाळला जातो. क्लॅम्प करण्याआधी लोकेटरवर हवा मारायची, एवढंच सांगितलं तर चौथ्या दिवशी नवा मुलगा ते सोडून देतो. एक चिप खाली राहिली तर बोअर (नगातलं भोक) तिरका जातो हे त्याला गो-नो गो गेज (माप बरोबर की चूक एवढंच सांगणारं मापक) घेऊन दाखवलं, तर तो ते सोडत नाही. हिंदी बोलणाऱ्याला हिंदीतूनच शिकवा. मराठीत मान डोलावणं म्हणजे समजलं असं धरू नका.

शिस्तीचा प्रसंग आला की तिथेही त्याच कार्यक्रमातल्या चार पायऱ्या आहेत: माहिती गोळा करा, तोलून ठरवा, कृती करा, परिणाम तपासा. महिन्यात चार वेळा उशिरा आलेला ऑपरेटर घ्या. मेमो लिहिण्याआधी चारही तारखा समोर ठेवा. चारही वेळा पहिलीच शिफ्ट होती का? त्याच्या थांब्यावरची कंपनीची बस बदलली का? घरात कुणी आजारी आहे का? त्याची बाजू त्याच्या तोंडून, बाजूला घेऊन, ऐका. मग तेच करा जे असा प्रकार दुसऱ्याच्या बाबतीत झाला असता तर केलं असतं. दोन आठवड्यांनी पुन्हा हजेरी बघा. ही शेवटची पायरी सुटली की आधीच्या तिन्ही वाया जातात: तो सुधारला तर कुणी दखल घेत नाही, आणि नाही सुधारला तर तुमच्या बोलण्याला अर्थ नव्हता हे सगळ्यांना कळतं.

आता वरच्या बाजूचं बोलू. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतात, ‘आज ६०० नग हवेत.’ ‘होऊन जाईल साहेब’ म्हणणारा सुपरवायझर आणि ‘माणसंच काम करत नाहीत’ म्हणणारा, दोघंही लाइनला विकतात. मघाची आकडेमोड इथे कामी येते: ‘दोन शिफ्टमध्ये ५७० होतात. उरलेल्या ३० साठी ४५ मिनिटांचा ओव्हरटाइम मंजूर करा, नाहीतर उद्या सकाळी सातच्या शिफ्टचे पहिले ३० नग आठपर्यंत देतो.’ यात उर्मटपणा नाही, आणि साहेबांनाही ग्राहकाला सांगायला काहीतरी मिळतं. असं उत्तर तुम्ही दिलं ही बातमी लाइनवर पोहोचायला चहाच्या सुट्टीएवढाच वेळ लागतो.

नियम आणि तक्ते जिथे संपतात अशा जागा तुमच्या दिवसात मोजक्या आहेत, पण त्या चुकवता येत नाहीत. डिस्पॅचची गाडी दारात उभी आहे, बोअरचं माप सहनमर्यादेच्या कडेकडे सरकतंय, अजून नापास झालेलं नाही, आणि पेटीत १८ नग कमी आहेत. कागद म्हणतो चालू ठेवा. अशा वेळी मशीन थांबवायचं, मागचे नग शेवटच्या चांगल्या मोजमापापर्यंत बाजूला काढायचे आणि फोन स्वतः उचलून वर कळवायचं. ‘मी थांबवलं’ असं सांगा. ‘ऑपरेटरने थांबवलं’ हे शब्द तुमच्या तोंडून गेले तर त्या लाइनवर पुन्हा कुणी मशीन थांबवणार नाही.

दुसरी जागा त्याहून गंभीर. वेळ वाचवायला दरवाज्याचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) वायर मारून बंद केलेला असतो, किंवा पॉवर प्रेसच्या दोन्ही हातांनी दाबायच्या दोन बटणांपैकी एक दाबून बांधून ठेवलेलं असतं, म्हणजे एक हात मोकळा राहतो. त्यामुळे नग वाढतात हे खरं आहे, आणि बोटं जातात हेही तितकंच खरं आहे. तुम्ही ते पाहिलं आणि पुढे गेलात, तर तुमची त्याला मान्यता आहे असाच अर्थ निघतो, मग सुरक्षा सप्ताहात कितीही शपथा घ्या. मशीन तिथल्या तिथे बंद करा, मेंटेनन्सकडून इंटरलॉक जोडून घ्या, आणि त्या तासाचे कमी झालेले नग बोर्डावर कारणासकट स्वतःच्या हाताने लिहा.

हे सगळं एकदम सुरू करायचं नाही. पहिला महिना बोर्ड, सुट्ट्यांचं कॅलेंडर आणि शिफ्टचा चार्ज देणं-घेणं एवढंच. चार्ज देताना दहा मिनिटं मशीनपाशी उभं राहून आणि लिहून: कुठलं मशीन बंद आहे, कुठल्या टूलचं किती आयुष्य उरलंय, कुठले नग होल्डवर आहेत, कोण येणार नाही. दुसऱ्या महिन्यात स्किल मॅट्रिक्स. तोपर्यंत पद्धतीत मोठा बदल सुचवू नका, आणि सुचवाल तेव्हा ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार त्यांना आधी सांगा, बोर्डावर चिकटवून नव्हे. माणसांशी बोलायला वेळ नाही म्हणता, तर हिशोब करा: दोन आठवड्यांत १२ कामाचे दिवस, माणसं २४, म्हणजे दिवसाला दोघं, प्रत्येकी पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत फोन खिशात, आणि विषय त्याचं काम: काय अडतंय, कुठलं मशीन शिकायचंय, मागच्या वेळी सांगितलेल्या गोष्टीचं काय झालं.

राहिले डब्याचे मित्र. त्यांनी एकदम ‘साहेब’ म्हणावं ही अपेक्षा ठेवू नका. अरे-तुरे चालू राहिलं तरी काही बिघडत नाही. वयाने मोठ्या ऑपरेटरला मामा म्हणत होतात तर आजही मामाच म्हणा, अहो-जाहो करा, आणि नवीन मुलासमोर त्यांची चूक काढू नका. बदलायच्या गोष्टी दोनच. ऑफिसात ऐकलेलं डब्यावर बोलायचं नाही, पगारवाढीचं तर अजिबात नाही. आणि काम वाटताना पहिलं अवघड काम मित्राला द्यायचं. त्या दोघा-तिघांना एकेकट्याला गाठून आधीच सांगून ठेवा की सुट्टी, ओव्हरटाइम आणि मशीन या तीन बाबतींत आता तक्त्याप्रमाणे होईल, त्यात माझ्याकडे मागू नकोस, बाकी आपण आहोत तसेच आहोत. एखादा तरीही महिनाभर रुसेल. रुसू द्या, त्याचा डबा आला की त्याच्या शेजारीच जेवायला बसा.